ओमकारला आणायचं होतं

१

शेखरचं काम सांगायला सोपं होतं. एक्सप्रेस हायवेवर जे पडलं असेल ते उचलायचं. फुटलेल्या टायरची सालपटं, उडालेल्या ताडपत्र्या, ट्रकमधून सांडलेले कांदे, चिरडलेली कुत्री, पावसाळ्यात साप, कधी एखादं भेकर. ठेकेदाराच्या पिवळ्या गाडीत तो आणि मुरबाडचा प्रज्वल रोज सकाळी बसायचे आणि आपल्या वाटणीचा पट्टा खालीवर करत राहायचे. घरी जेवायला बसलं की आई विचारायची, "आज काय उचललंस रे?" आणि तो म्हणायचा, "कांदे." कुत्र्यांचं तो जेवताना सांगत नसे.

रस्ता गावाच्या छातीवरूनच गेलेला. किन्हवलीकडच्या त्या गावाची निम्मी भातशेती अलीकडे राहिली, निम्मी पलीकडे. जमीन गावाची गेली आणि त्यावर पाय ठेवायची बंदीही गावालाच. दोन्ही अंगांना तारेचं कुंपण, आणि गाडीनं वर चढायचं तर तिकडे लांब शहापूरच्या अंगाला जायचं. खालून जायला एक बोगदा ठेवला होता, त्यात दिवाळीपर्यंत गुडघाभर पाणी. मग लोकांनी करायचं तेच केलं. शेखरच्या आईच्या, हौसाच्या, शेताच्या वर तार कापली, माणूस वाकून जाईल एवढी, आणि गाड्या बघून पलीकडे पळायचं. म्हातारे पळायचे, डोक्यावर भारे घेतलेल्या बायका पळायच्या. मुंबईला जाणाऱ्यांना घाई असते तशी बांधावर जाणाऱ्यांनाही असते.

आश्विनात भात पिवळं पडलं होतं. हौसा आणि तिचा धाकटा मुलगा ओमकार बांधावर गवत कापत होते. वर एका पांढऱ्या गाडीचं टायर फुटलं, गाडी दुभाजकावर आदळली आणि उलटी झाली. ओमकार विळा टाकून कापलेल्या तारेतून वर गेला. पुढची दोन माणसं संपलेली होती. मागच्या सीटवर एक लहान पोर रडत होतं. त्यानं ते काचेतून ओढून काढलं, कडेवर घेतलं आणि परत आईच्या दिशेनं पळाला. मधल्या लेनमध्ये आला आणि ट्रेलर आला. हौसानं बांधावरून सगळं पाहिलं.

त्या दिवशी रस्ता साफ करायची पाळी शेखरचीच होती.

२

ओमकारला अग्नी दिला त्या दिवसापासून हौसानं अन्न सोडलं. कोरा चहा तेवढा घ्यायची. कोणी समजवायला आलं की म्हणायची, "त्याला आणा. तो जेवला का मी जेवेन."

त्यांच्या घराण्यात रीत होती. घराबाहेर मेलेल्या माणसाला घर सापडत नाही, त्याला आणावं लागतं. जिथे पडला तिथला दगड उचलायचा, नावानं हाक मारायची, दगड फडक्यात बांधून घरी यायचं. दार लावलेलं असतं. आतून घरातलं मोठं माणूस विचारतं, कोण आलं? दगड आणणाऱ्यानं नाव सांगायचं. मग दगड देव्हाऱ्याखाली ठेवायचा, माजघरात तांदळाचं पीठ पसरायचं, भाताचं ताट वाढायचं आणि दारं ओढून सगळ्यांनी ओटीवर बसायचं. थोड्या वेळानं उघडून बघितलं की पिठात पावलं दिसतात. हे दहाव्याच्या आत झालं पाहिजे. नाही झालं, तर मेलेलं माणूस ज्या वाटेवर पडलं त्या वाटेचंच होतं.

शेखरचा बाप भगीरथ कल्याणला दवाखान्यात वारला, तेव्हा हौसानं त्यालाही असंच आणलं होतं. दवाखान्याच्या फाटकातला दगड पदरात बांधून ती एस.टी.नं मुरबाडवरून आली. कंडक्टरनं दोन तिकिटं मागितली नाहीत, एवढंच. पिठात पावलं उमटली होती म्हणतात. शेखर तेव्हा लहान होता, आणि त्याला वाटायचं की ती उंदरांची असतील. आई म्हणेल ते ऐकावं आणि मनात आपलं ठेवावं, असा त्याचा स्वभाव.

"आये, त्या रस्त्यावर थांबायला पण देत नाय," तो म्हणाला.

"तुला देतात ना? तू रोज मेलेली कुत्री आणतोस. भावाला आणायला होत नाय?"

शेखरची बायको माधुरी चुलीपाशी बसली होती. ती हळूच म्हणाली, "जा ओ. म्हातारी हातची जाईल."

३

जागा ओळखायला कष्ट नव्हते. दुभाजकाचा टवका उडालेला होता आणि सिमेंट पाण्याच्या टँकरनं धुऊन काढलेलं, आजूबाजूपेक्षा जास्त पांढरं. शेखरनं गाडी कडेला घेतली, मागे लाल-पांढरे रबरी कोन लावले, प्रज्वलला म्हणाला, "जरा लघवीला जाऊन येतो." भलत्या कामासाठी थांबलोय हे सांगायची त्याला लाज वाटली.

त्या रस्त्यावर दगड कुठला? सगळं ओतलेलं, घासलेलं. शेवटी कठड्याच्या फटीत खडीचा एक तुकडा सापडला. एका अंगाला तपकिरी डाग होता. तो त्यानं नीट पाहिला नाही. ओमकार इथे पडला होता, आणि त्याच्या कडेवरचं पोरही इथेच पडलं होतं, एकाच जागी, एकावर एक. शेखरनं स्वतः पाहिलं होतं. पण दगड उचलताना ते मनात आलं नाही. आपलं माणूस गेलं की दुसऱ्याच्या माणसाची आठवण कोणाला राहते?

"ओमकार, चल घरी," तो तोंडातल्या तोंडात म्हणाला. बाजूनं एक कंटेनर गेला आणि शर्ट अंगाला चिकटला. त्यानं दगड रुमालात बांधला आणि गाडीत येऊन बसला.

गाडी सुटली तेव्हा मागे काहीतरी वाजलं. चूं.

थोडं पुढे गेल्यावर पुन्हा. चूं, चूं. मग नाही.

"उंदीर शिरला काय रे?" प्रज्वल म्हणाला.

"कोन घासतायत एकमेकांवर. रबर आहे ते."

खरंच तसं असेल म्हणून शेखरनं पुढे गाडी थांबवली, कोन उतरवून पुन्हा रचले, मध्ये पोतं घातलं. मागच्या जागेत कोन, फावडं आणि पाण्याचा कॅन याशिवाय काही नव्हतं. शहापूरच्या बाजूला उतरायच्या गोल वळणावर गाडी कलली, आणि मागे डाव्या खिडकीपासून उजव्या खिडकीपर्यंत चूं चूं चूं असं वाजत गेलं. वळणावर बाहेर बघायला पोरं सीटवरून इकडून तिकडे जातात, तसं. प्रज्वल मोबाइलमध्ये होता. शेखरनं त्याला विचारलं नाही, आणि संध्याकाळपर्यंत थांबायलाही धीर झाला नाही. पोटात कळ येतेय म्हणून त्यानं दुपारचीच सुट्टी घेतली.

४

हौसानं आतून कडी लावली होती. शेखर बाहेर उभा राहिला.

"कोण आलं?" तिचा आवाज उपाशी माणसाचा होता, पण त्यात आशा होती.

"ओमकार आला."

दगड देव्हाऱ्याखाली गेला. पीठ पसरलं, ताट वाढलं: आंबेमोहराचा भात, वालाचं बिरडं, सुकटाची चटणी, सगळं ओमकारच्या आवडीचं. दारं ओढून तिघं ओटीवर बसली. ऊन अंगणात उभं होतं. आतून काही आवाज आला तर मी ऐकणार नाही, असं शेखरनं ठरवलं होतं. आवाज आला. चूं. माधुरीनं त्याच्याकडे पाहिलं. त्यानं अंगणातल्या कोंबडीकडे पाहिलं.

दार उघडलं तेव्हा हौसा आधी आत गेली आणि तिथेच थिजली.

पिठात पावलं होती. वीतभरही नव्हती लांबीला. अनवाणीही नव्हती. बुटाचे तळवे होते, आणि टाचेशी अस्वलाच्या तोंडाची नक्षी, दोन कान, दोन डोळे, स्वच्छ उठलेली. उंबऱ्यापासून ताटापर्यंत आलेली, ताटाभोवती फिरलेली, मग खाटेखाली गेलेली. भात थोडा सांडला होता. चटणीला हात लागलेला नव्हता. तिखट असणार ना.

"हा कोण?" हौसा म्हणाली.

शेखरला ते बूट आठवले. लहान पोरांचे असतात तसे, पाऊल टाकलं की शिट्टी वाजणारे. एक त्यानंच उचलला होता त्या दिवशी, कोनाच्या जवळून, आणि पोलिसाच्या हातात दिला होता.

हौसाला सांगावं लागलं नाही. ती खाटेकडे बघत राहिली आणि तिचा चेहरा हळूहळू दगडासारखा झाला. "हे ते. ज्याच्यापायी माझा गेला ते. त्याला खाऊन पोट नाय भरलं, आता त्याच्या ताटावर आलं! घरचं झालं थोडं, व्याह्यानं धाडलं घोडं."

"आई, असं नका बोलू," माधुरी म्हणाली. "गाडी आली का माणूस आधी पोराला आत देतो, मग आपण चढतो. ओमकारभावोजींनी आधी त्याला दिलं असंल. ते येतील मागनं. आपण परत एकदा जाऊ."

"ओमकारचं नाव घेऊन आणलंय त्याला शेखरनं. चोरून आलं ते. चोर हाय."

शेखरला अजून वाटत होतं की शेजारचं एखादं पोर मागच्या दारानं आलं असेल. मागच्या दाराला आतून आडणा होता. तो त्यानं दोनदा जाऊन पाहिला.

५

त्यानंतर घरात तीन माणसं राहत होती आणि चार जणांची चाहूल होती.

सकाळी सगळे कामाला लागले की खाटेखाली वाजायचं. मग स्वयंपाकघराच्या दाराशी. माधुरी भाकरी थापत असली की तिच्या मागे येऊन थांबायचं. ती न वळता म्हणायची, "बाळा, चूल हाय, लांब हो," आणि आवाज दोन पावलं मागे जायचा. शेखर कामावरून लवकर यायला लागला. त्यानं छपरात उंदराचे पिंजरे लावले, दाराच्या बिजागऱ्यांना तेल घातलं. बिजागऱ्या गप्प झाल्या. ते गप्प झालं नाही.

माधुरीला मूल नव्हतं. लग्नाला बरीच वर्षं झाली होती, आणि गावातल्या बायका आता विचारायच्याही बंद झाल्या होत्या. ती एका वाटीत गुरगुट्या भात दूध घालून कालवायची आणि कोपऱ्यात ठेवायची. दुपारपर्यंत तो कमी व्हायचा. "मुंग्या नेतात," शेखर म्हणाला. "नेऊ दे," ती म्हणाली. मागच्या विहिरीच्या काठाला तिनं काट्या बांधून घेतल्या. एकदा शेखर आला तेव्हा ती पाटावर बसून काहीतरी गुणगुणत होती आणि तिची मांडी थोडी हलत होती. त्याला भीती वाटली, आणि खरं सांगायचं तर हेवाही वाटला.

हौसा खाटेवर केरसुणी घेऊन बसायची. आवाज आला की खाटेखाली सपासप मारायची. उंबऱ्यावर मीठ टाकलं, मिरच्या जाळल्या. मिरच्यांच्या धुरानं सगळे खोकले. खाटेखालीही कोणीतरी खोकलं. लहान, कोरडा खोकला. माधुरी रडायला लागली.

"रडतेस कशाला?" हौसा म्हणाली. "तुला व्हत नाय म्हणून लोकांचं मेलेलं पदरात घेतेस काय गो?"

माधुरीनं वर पाहिलं. शेखर मध्ये पडला नाही. पडायला हवं होतं, हे त्याला तेव्हाही कळत होतं.

सगळ्यात वाईट गोष्ट वेगळीच होती. ते पोर हौसाकडे जायचं. घरात माया करणारी एक होती, पण पोरांची अक्कल अशीच असते. म्हातारी दिसली की त्यांना आजी वाटते. हौसा भिंतीला टेकून बसली की चूं चूं करत आवाज तिच्या पायापाशी यायचा आणि थांबायचा. मग तिथेच उभ्या उभ्या एकेकदा वाजायचा. उचलून घे म्हणून पोरं टाचा उचलतात ना, तसा. हौसा समोर कोणी नाही अशा जागेकडे बघून दात खायची, "चल हो. मर तिकडं." आवाज थोडा वेळ थांबून असायचा. मग पुन्हा टाचा.

ती अजून जेवत नव्हती. हाताच्या शिरा दोरीसारख्या वर आल्या होत्या.

दहाव्याच्या आदल्या दिवशी तिनं शेखरला जवळ बोलावलं. "उद्याच्याला दहावं. हे टाकून ये आणि माझा घेऊन ये. नायतर उद्या माझंबी पीठ पसर."

"आई, लहान हाय ते," माधुरी दारातून म्हणाली. "त्याची आईबी गेली, बापबी गेला. त्याला कोण न्यायला येल? ओमकारभावोजी ज्याच्यासाठी धावले त्यालाच आपण..."

"ज्याचं जळतं त्याला कळतं," हौसा म्हणाली.

माधुरीनं शेखरकडे पाहिलं. शेखरनं देव्हाऱ्याखालचा रुमाल उचलला.

६

प्रज्वलला त्यानं चहाच्या टपरीवर उतरवलं. "जरा एकट्याला जायचंय. भावाचं आहे." प्रज्वल समजूतदार पोरगा, काही विचारलं नाही.

मागे वाजत होतं. चूं चूं, या खिडकीला, त्या खिडकीला. पोर खुशीत होतं. त्याला वाटलं असणार, आपल्याला फिरायला नेतायत. शेखरनं आरसा वर करून छताकडे वळवला.

उडालेल्या टवक्यापाशी त्यानं गाडी उभी केली. भर दुपार. गाड्या भणाणत होत्या आणि एकालाही थांबायचं नव्हतं. खाली त्याचंच शेत होतं, कापणीला आलेलं, त्यात कोणी नव्हतं. त्यानं खाली उतरून मागचं दार उघडलं. रुमाल सोडला, दगड कठड्याच्या फटीत होता तसा ठेवला.

"उतर," तो म्हणाला.

काहीच वाजलं नाही.

"उतर म्हणतो ना!"

सीटवर एकदा वाजलं. मग फुटबोर्डवर. मग खाली सिमेंटवर, एकदा, आणि लगेच दुसऱ्यांदा. दिसत काही नव्हतं. ऊन होतं आणि पांढरा रस्ता होता.

"इथंच थांब. तुझी माणसं येतील." आपला आवाज इतका गोड कसा निघाला याचं त्यालाच नवल वाटलं. रस्त्यावर शिरलेल्या जिवंत कुत्र्याला पिंजऱ्यात घालताना तो असाच आवाज काढायचा.

तो वळला, आणि त्याच्या पँटला गुडघ्यापाशी ओढ बसली. जोराची नाही. बाजारात गर्दीत हात सुटू नये म्हणून पोरं धरतात तेवढी. कापड तिथे चुरगळून गोळा झालेलं होतं. त्याच्या डोळ्यांसमोर झालेलं होतं. काटेरी तार लागली असेल, असं तो मनाशी म्हणाला, आणि तार पार खाली कुंपणाला होती. मग त्यानं दोन्ही हातांनी कापड धरून झटका दिला. ओढ सुटली.

पुढचं त्यानं घाईघाईनं केलं. जरा पलीकडे जाऊन दुसरा खडा उचलला आणि या वेळी मोठ्यानं हाक मारली. "ओमकार! ए ओमकार! चल रे घरी, आये जेवत नाय!" त्याला रडू फुटलं. भाऊ गेल्यावर तो पहिल्यांदा रडला, आणि ते खरं रडणं होतं.

गाडी सुरू करून तो निघाला. मागून आवाज आला. चूंचूंचूंचूं, भराभर, पडत धडपडत, गाडीच्या मागे. पोर धावत होतं. शेखरनं गिअर बदलला. तरीही आवाज येत होता. त्यानं काच वर घेतली, रेडिओ लावला. कोणीतरी गात होतं. ते त्यानं मोठं केलं.

७

"कोण आलं?"

"ओमकार आला."

पीठ, ताट, ओटी. माधुरी या वेळी ओटीवर बसली नाही. ती अंगणाच्या कडेला शेवग्याखाली, पाठ करून उभी होती. तिनं सकाळपासून शेखरशी शब्द काढला नव्हता.

आतून आवाज आला नाही. सगळं इतकं शांत होतं की हौसाच्या पोटातली गुरगुर शेखरला ऐकू येत होती. मग तिनंच उठून दार उघडलं.

"माझा आला," ती म्हणाली आणि मटकन खाली बसली.

पावलं मोठी होती, अनवाणी, आणि डाव्या पायाला अंगठा नव्हता. ओमकारचा तो मळणीच्या मशीनमध्ये गेला होता. शेखरच्या अंगावर सरसरून काटा आला, आणि त्याच्या मागोमाग इतकं हलकं वाटलं की त्याला हसू आलं. हौसा त्या पावलांवर हात ठेवायला पुढे सरकली. हात अधांतरी राहिला. तिनं पावलांचा माग वाचला. शेखरनंही वाचला.

पावलं ताटाकडे गेलीच नव्हती. उंबऱ्यावरून सरळ खाटेशी गेली होती. तिथे गुडघे टेकल्याच्या दोन गोल खुणा होत्या, आणि एका पंजाची. वाकून खाली बघितलं होतं. तिथून कणगीमागे. तिथून पायाला लागलेल्या पिठाच्या पुसट खुणा स्वयंपाकघरात चुलीपाशी, तिथून मागच्या दाराशी. प्रत्येक कोपऱ्यात. मग परत माजघरात, जिथे माधुरी दूधभाताची वाटी ठेवायची तिथे. वाटी रिकामी होती, आज कोणी भरली नव्हती. तिथे दोन्ही पावलं शेजारी शेजारी होती, आणि पीठ खोल दाबलं गेलं होतं. बराच वेळ उभा होता तो.

तिथून पावलं परत फिरली होती आणि पुढच्या दारानं बाहेर गेली होती. दाराबाहेर ओटीवर तिघांपैकी दोघं बसली होती. त्यांच्या मधून गेला होता तो. ओटीच्या पायरीवर थोडं पीठ सांडलेलं होतं.

"ओमकार," हौसा म्हणाली. मग ती उठली. इतक्या दिवसांच्या उपाशी बाईत एवढं बळ कुठून आलं देव जाणे, ती धावत सुटली.

८

शेखरनं तिला कुंपणापाशी गाठलं. ती कापलेल्या तारेतून निम्मी वर गेली होती आणि लुगडं अडकलं होतं. त्यानं तिला कमरेला धरलं. ती त्याच्या हातांवर मारत होती आणि रस्त्याकडे बघून ओरडत होती.

"ओमकार! माझ्या बाला! मी हाय रे, तुझी आये!"

शेखरनंही वर पाहिलं. उन्हात सिमेंटवर वाफ हलत होती. गाड्यांच्या मधून, पलीकडच्या कडेनं, मुंबईकडे पाठ करून एक माणूस चालला होता. अनवाणी. डावा पाय जरा फेंगडा टाकत. त्याच्या खांद्यावर लहान पोर बसलेलं होतं, दोन्ही पाय त्याच्या छातीवर सोडून, आणि त्यानं ते पाय हातांनी धरले होते. कुठली होती ती पांढरी गाडी? लांबची होती, एवढंच शेखरला माहीत होतं. विदर्भातली, नाहीतर त्याच्याही पलीकडची. तो रस्ता तिथपर्यंत जातो. तो कुठेही जातो.

"ओमकार!"

त्या माणसाची मान किंचित हलली. हाक ऐकू आलेला माणूस हलवतो तशी. पाऊल थांबलं नाही. मध्ये एक कंटेनर आला, त्याच्या मागे दुसरा, आणि ते गेले तेव्हा कडेला पिवळा पट्टा होता फक्त.

हौसा तारेखाली बसली. तिच्या कपाळावर तार लागून रक्त आलं होतं, ते तिला कळत नव्हतं. "ऐकलं त्यानं," ती म्हणाली. "ऐकून नाय वळला."

शेखरला वाटलं, आता ही मरेल. आज नाहीतर उद्या. पण हौसानं एकदम त्याचं मनगट धरलं. तिच्या डोळ्यांत काहीतरी पेटलं होतं.

"पोराला हाक मार."

"काय?"

"पोराला हाक मार रे! पोर रडलं, मागं बघाया लागलं, तर तोबी फिरल. त्याला सोडून नाय जायचा तो. लवकर मार. मी घेईन त्याला. मांडीवर घेईन, दूधभात देईन, काय म्हणशील ते. मार हाक!"

शेखर तार धरून उभा राहिला, छातीत श्वास भरला, आणि तसाच राहिला.

"मार ना! नाव काय त्याचं?"

त्याला माहीत नव्हतं. पोलीस ठाण्यात कोणीही सांगितलं असतं, पेपरात असेल, पांढऱ्या गाडीच्या कागदात असेल. त्यानं विचारलं नव्हतं. माधुरी मागून धापा टाकत आली होती, त्यानं तिच्याकडे पाहिलं. तिनं मान हलवली. तीही त्याला नुसतं बाळा म्हणायची.

"बाळा!" माधुरीनं हाक मारली. "बाळा रे!" पण या रस्त्यावर बाळ म्हणून कोण वळणार? प्रत्येक गाडीत एकेक होतंच.

हौसा तारेला धरून उठली. दोन्ही हात तोंडाशी नेऊन तिनं जीव एकवटला आणि ओरडली, "ए... ए..." पुढे काय म्हणायचं ते तिला कळेना, आणि ती तशीच ओरडत राहिली.